हिरव्या वायरचा तुकडा

आषाढातला सोमवार. रत्नागिरीत मांडवीकडच्या एका बिल्डिंगमधून फोन आला, "गॅस गिझर काढून लाइटीवरचा बसवायचाय, आजच ये." पावसाळ्यात 'आजच ये' सगळेच म्हणतात, त्यामुळे मी दुपारी उगवलो. तिथे गेल्यावर कळलं, आदल्या दिवशी नात केस धुवायला गेली आणि शेवटी दाराची कडी तोडून तिला बाहेर काढावं लागलं. दवाखान्यात ऑक्सिजन लावला तेव्हा नीट शुद्धीवर आली. आता सोफ्यावर बसून पेज पीत होती, डोकं अजून ठणकत होतं.

काकांना मात्र पटत नव्हतं. "गॅस गळत असता तर वास नसता आला?"

वास येतो तो सिलिंडरमधल्या गॅसला, आणि तोही मुद्दाम मिसळलेला असतो. इथे गॅस गळत नव्हता, अर्धवट जळत होता. पावसाची झड आत येते आणि वाऱ्याने ज्योत विझते, म्हणून खिडकीच्या काचपट्ट्यांवर यांनी थर्माकोल चिकटवलेला. कोंडलेल्या बाथरूममध्ये हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तात ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट बसतो. थर्माकोल ओरबाडून काढला, खिडकी उघडली आणि काकांसमोर गिझर पेटवला. ज्योत निळी हवी, ही पिवळी, लवलवती. बर्नरवर खाऱ्या हवेचा गंज, वर काजळीचा थर. काका गप्प. आजी म्हणाल्या, "काढ रे बाबा ते आधी."

नवा गिझर 15 लिटरचा, 2000 वॅटचा. म्हणजे नऊएक अँपियर. बिल्डरने दिलेला 16 अँपियरचा पॉइंट होता, वायर अडीच चौरस मिलिमीटरची होती, म्हणून नवी लाइन ओढली नाही. टेस्ट लॅम्प फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थिंगमध्ये धरला, लख्ख पेटला. मी समाधानी. इथेच चुकलो.

आरसीसीबीशिवाय मी गिझर टांगत नाही. गेलेला करंट आणि परतलेला करंट यात 30 मिलीअँपियरचा फरक पडला तरी तो लाइट तोडतो. डीबीत, म्हणजे घराच्या मेन स्विचच्या पेटीत, तो बसवला, घर चालू केलं, सगळं ठीक. गिझर लटकवला, पाइप जोडले, प्लग लावला आणि फटकन अंधार. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. गिझरचा स्विच बंद ठेवला तरी पडे. प्लग उपटला की टिके.

"गॅस कधी असा बंद पडला नाही हो," काका.

मेगर, म्हणजे करंटची गळती तपासायचं मीटर, लावून पाहिला, गिझर निर्दोष. मग सॉकेट भिंतीतून बाहेर ओढलं आणि डोक्यावर हात मारला. न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरच्या, स्क्रूतून निघून अर्थिंगच्या स्क्रूत शिरलेला बोटभर हिरव्या वायरचा तुकडा. अर्थिंगची खरी वायर मागे तुटकी, कुठेच न जोडलेली. माझा टेस्ट लॅम्प न्यूट्रलवरच पेटला होता. आणि गिझर जुन्या लोखंडी पाइपला जोडल्यावर फ्रिजचा, पंख्याचा न्यूट्रल करंट त्या तुकड्यातून गिझरच्या अंगावर आणि पाइपातून जमिनीत जायला लागला. गेला तेवढा करंट परत येईना, मग आरसीसीबी पडणारच. वाईट एवढंच नाही. उद्या न्यूट्रल कुठे तुटला असता तर अख्ख्या गिझरच्या अंगात 230 व्होल्ट आले असते, आणि खाली ओल्या फरशीवर हीच पोरगी.

असला तुकडा कोणी टाकला म्हणून शिव्या देणार होतो, पण दिल्या नाहीत. शिकाऊ असताना मीही टाकलेत. मशीनला 'झिणझिण्या' येतात म्हणून गिऱ्हाईक बोलावतं, तुकडा टाकला की त्या थांबतात, मग तुटलेलं अर्थिंग शोधत खाली मीटररूमपर्यंत कोण जातो?

या वेळी गेलो. अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने पापडासारखी झालेली, हात लावला तशी तुटली. खड्डा जांभ्यात जेमतेम दोन फूट. शेजारच्या दोन फ्लॅटचे बोर्ड उघडले, तिथेही तोच तुकडा. सेक्रेटरी म्हणाले, "मीटिंग घेऊ." आजी जिन्यावरूनच म्हणाल्या, "मीटिंग घ्या, पण खड्डा उद्या." तोपर्यंत मी गिझरचा प्लग काढून, सॉकेटवर चिकटपट्टी मारून आलो. चार दिवस घरात टोपातलं पाणी.

दोन नवे खड्डे मारले, पाइप, कोळसा, मीठ. जांभ्यात पाणी ठरत नाही, त्यामुळे आत्ता पावसात अर्थिंगच्या रोधाचं रीडिंग पाच ओहमच्या खाली आलं तरी मे महिन्यात पुन्हा बघावं लागेल, खड्ड्यात पाणी ओतावं लागेल. ते सेक्रेटरींना वहीत लिहून दिलं. वर नवी हिरवी वायर आणली, सगळे तुकडे काढले. गिझर चालू. विसेक मिनिटांत टाकी तापली. काकांनी लगेच मीटर पाहिला: जेमतेम पाऊण युनिट.

निघताना आजींना आरसीसीबीवरचं छोटं बटण दाखवलं. महिन्यातून एकदा दाबायचं, लाइट गेली पाहिजे.

"आत्ता दाबू?"

मी हो म्हणायच्या आत त्यांनी दाबलं. आतून काका ओरडले, "अगो, मॅच चालू आहे!"