उन्हाळ्याची तयारी जानेवारीतच: आमच्या ग्रामसंघाचा अनुभव

आमचं गाव जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातलं, चहूकडे केळीच्या बागा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला तरी घड कापायचे थांबत नाहीत. उष्माघाताची तयारी गाव आणि आरोग्य विभागानं मिळून करायची, असं पत्र ग्रामपंचायतीत आलं. शेवटी ‘सर्वांनी सहकार्य करावे’. कोणी, कधी, कशानं, ते काहीच नाही. बचतगटांच्या ग्रामसंघाची सचिव म्हणून ते माझ्याकडे आलं.

पहिली अडचण तारखेची. विषय १ मेच्या ग्रामसभेत घेऊ, असं सगळ्यांचं म्हणणं. तोवर अर्धा उन्हाळा सरलेला असतो! मी २६ जानेवारीच्या सभेचा आग्रह धरला. विषयपत्रिका निघण्याआधी अर्ज दिला आणि आवक नंबर टाकून पोच घेतली. तोंडी सांगितलेलं आमच्याकडे तोंडीच राहतं. गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे खर्चता येणारा पैसा, मिळू शकतो, हे आशाताईंनी सांगितलं. तो कशावर खर्च करायचा हेही ठरावातच लिहून घेतलं.

ठरावानंतरच्या बैठकीला सरपंच, आशाताई, अंगणवाडीताई, उपकेंद्राचे सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आणि आम्ही बायका होतो. ‘दुपारी १२ ते ३ उन्हात काम नको,’ यावर सगळ्यांच्या माना डोलल्या. पण उन्हात असतो तो मजूर, आणि त्याची वेळ ठरवतो मुकादम. तो यादीतच नव्हता. पुढच्या बैठकीला त्याला मुद्दाम बोलावलं. दारातच उभं राहून म्हणाला, “ताई, व्यापाऱ्याची गाडी बाराला येते. मी काय करू?” सरकारी पत्रकात याचं उत्तर कुठे असणार? मग सरपंचांनी व्यापाऱ्यांना गाठलं. काहींनी गाडी पहाटे आणायचं कबूल केलं, काहींनी ऐकून घेतलं एवढंच.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी रंगीत तालीम घ्यायला लावली, आणि खरं शहाणपण तिथेच आलं. एका पोराला बागेत झोपवलं, १०८ ला फोन करायचं नाटक केलं. पत्ता काय सांगायचा? ग्रामसेवकांनी गट नंबर काढून दिला. मुकादम हसला, “गट नंबर कोणाले माहीत? डीपी सांगा.” डीपी म्हणजे शेतातला विजेचा ट्रान्सफॉर्मर. शिवारातल्या प्रत्येक डीपीला नाव आहे, ते मजुरांना पाठ. शिवाय बागेतल्या कच्च्या रस्त्यानं ॲम्ब्युलन्स आत येईलच असं नाही. म्हणून डीपीनिहाय यादी केली: कोणत्या डीपीजवळून कोणाचा पिकअप माणसाला डांबरी रस्त्यावर आणेल आणि तिथे ॲम्ब्युलन्स कोणत्या फाट्यावर थांबेल. यादी आशाताईंकडे, मुकादमांच्या मोबाइलवर आणि आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लागली.

गाडी येईपर्यंत काय करायचं, ते डॉक्टरांनी मजुरांसमोरच करून दाखवलं. माणूस बरळतोय, अंग तापलंय, तर आधी सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. काखेत आणि जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको. बर्फासाठी गारेगारवाल्याशी आधीच बोलून ठेवलं. थंड खोली म्हणून शाळेची एक खोली मिळाली, पण किल्ली शिपायाकडे आणि तो सुट्टीत गावाला जाणार! दुसरी किल्ली करून अंगणवाडीताईंकडे ठेवली.

ओआरएसच्या पुड्या वाटल्यावर एक बाई गोणपाटानं गुंडाळलेल्या पाच लिटरच्या कॅनमध्ये एकच पुडी टाकताना दिसली. मोठी पुडी एक लिटरची, म्हणजे कॅनला पाच लागतात. आणि उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरायचं नाही. तेव्हापासून पुड्या पाचाच्या जुडीनंच देतो.

व्यापाऱ्यांच्या गाड्यांचं मात्र अजून पुरतं जमलेलं नाही. येत्या २६ जानेवारीच्या सभेसाठी तो विषय वेगळा मांडलाय, आणि या वेळी व्यापाऱ्यांनाही लेखी बोलावणं जाणार आहे.