दोर धरून राहिलेला पाळक

लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून गाडी पकडली की तासाभरात केटरिंग येतं. नॉर्दॅम्प्टनशरमधल्या या गावी मी गेले ती मिशनरी विल्यम केरीच्या ओढीनं. कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला राहून, पंडित वैजनाथ शर्मांच्या मदतीनं ज्यानं १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० साली मराठी कोश, तो माणूस तरुणपणी याच भागात जोडे शिवायचा. गेले केरीसाठी, पण मनात घर करून राहिला तो अँड्र्यू फुलर.

फुलर इथल्या बाप्टिस्ट मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, पाळक, त्यांचा धर्मगुरू. गोल्ड स्ट्रीटवरचं चर्च आज त्याच्याच नावानं ओळखलं जातं. तिथून चालत मिशन हाउसपाशी आले. २ ऑक्टोबर १७९२ रोजी याच घराच्या मागच्या खोलीत डझनभर पाळक जमले आणि दूरदेशी मिशनरी पाठवण्यासाठी एक सोसायटी काढायचं ठरलं. ज्यानं त्यानं आपल्या वर्गणीचा आकडा चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठ्या फुलरच्या तपकिरीच्या डबीत पडल्या. बेरीज झाली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. एवढ्यात एका माणसाचा हिंदुस्थानचा प्रवासखर्चही निघाला नसता.

त्याच्या जेमतेम सहा आठवडे आधी फुलरची बायको सारा वारली होती. शेवटच्या दिवसांत तिला स्वतःचं घर, स्वतःचा नवरा ओळखू येत नव्हता. तरीही सोसायटीचं चिटणीसपद फुलरनं घेतलं. त्या घरासमोर उभी असताना मला डबीपेक्षा हेच सारखं आठवत राहिलं.

हिंदुस्थान म्हणजे या मंडळींना खोल खाण वाटत होती. मी उतरतो, केरी म्हणाला, पण दोर तुम्ही धरायचा. फुलरनंच ही आठवण पुढे सांगितली. आमच्या गावी विहिरीत उतरणारा माणूस दोर कुणाच्याही हाती देत नाही, आधी वर कोण उभं आहे ते बघतो. केरीनं नीट बघितलं होतं.

२० मार्च १७९३ ला लेस्टरला निरोपाची सभा झाली. जाणाऱ्यांना उपदेश केला तो फुलरनं. जूनमध्ये केरी डोव्हरहून निघाला. दोघांची पुन्हा भेट नाही.

पुढची २२ वर्षं फुलर आपली मंडळी सांभाळून पैसे गोळा करत हिंडला. वर्गणीसाठी स्कॉटलंडच्या पाच फेऱ्या केल्या, सेरामपूरला पत्रं लिहिली, मिशन बंद पाडू पाहणाऱ्यांना छापून उत्तरं दिली. १८१२ साली सेरामपूरचा छापखाना जळाला. टाइप, कागद, हस्तलिखितं गेली. बातमी पोचल्यावर इंग्लंड-स्कॉटलंडमधून दोनेक महिन्यांत नुकसानभरपाईची रक्कम उभी राहिली.

७ मे १८१५ ला फुलर गेला. बंगाल त्यानं कधी पाहिला नाही.

परत गोल्ड स्ट्रीटवर येऊन चर्चजवळ बसले. फोनवर केरीच्या व्याकरणाची पानं होती, ती उघडली. ती जुनी, जाड देवनागरी अक्षरं वाचत गाडीची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिले.