नव्या कर्नलचा वेग आणि बडीइन्फोमधली एक ओळ

लिनक्स कर्नलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) ६.१ ही आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली आणि तिच्यासोबत मल्टी-जेन एलआरयू ही मेमरी परत मिळवण्याची नवी पद्धतही दाखल झाली. मेमरी भरत आली की कोणती पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) ठेवायची आणि कोणती काढायची, हे ठरवण्यासाठी जुनी पद्धत सक्रिय आणि निष्क्रिय अशा दोन याद्या सांभाळते. नवी पद्धत मात्र पेजेस अलीकडे केव्हा वापरली गेली त्यानुसार त्यांच्या पिढ्या लावते. जुन्या कर्नलशी तुलना करून तिचा फायदा मोजण्याचे काम आमच्या चमूकडे होते.

अहवालाच्या पहिल्या मसुद्यात चाचणीतल्या डेटाबेसचा वेग इतका वाढलेला दिसत होता की बैठकीत सगळे खूश झाले. मला तो आकडाच खटकला, कारण मेमरी परत मिळवण्यात जाणारा सगळा वेळ शून्यावर आणला असता तरी एवढी बचत होणे शक्य नव्हते. जमाखर्च जुळत नव्हता, म्हणजे दुसरीकडून कुठूनतरी भर पडत होती.

आमची स्क्रिप्ट चाचणीच्या प्रत्येक फेरीआधी प्रॉकमधल्या, म्हणजे कर्नल आपली स्थिती जिथे दाखवतो त्या फोल्डरमधल्या, काही फाइल्सची नक्कल ठेवते; एरवी त्या कोणी उघडून पाहत नाही. त्यांतली बडीइन्फो मी दोन्ही फेऱ्यांसाठी शेजारीशेजारी उघडली. या फाइलमध्ये मोकळ्या मेमरीचे सलग तुकडे आकारानुसार मोजलेले असतात: आमच्या यंत्रावर डावीकडचा पहिला रकाना ४ केबीचा, उजवीकडचा शेवटचा ४ एमबीचा. जुन्या कर्नलच्या फेरीत डावीकडे मोठमोठे आकडे होते, पण शेवटून दुसऱ्या, म्हणजे २ एमबीच्या रकान्यात शून्य होते. नव्या कर्नलच्या फेरीत नेमका तोच रकाना भरलेला होता. तिथल्याच व्हीएमस्टॅट या फाइलमधले हुज पेज (२ एमबीचे मोठे पेज) न मिळाल्याची नोंद ठेवणारे आकडेही हेच सांगत होते.

कारण अगदी साधे होते. जुनी फेरी कित्येक आठवडे सुरू असलेल्या यंत्रावर झाली होती आणि नवा कर्नल बसवण्यासाठी तेच यंत्र रीबूट करावे लागले होते. ताज्या यंत्रात मेमरी सलग असल्यामुळे डेटाबेसला २ एमबीची हुज पेजेस सहज मिळाली. अशा एका पेजमध्ये ४ केबीची ५१२ पेजेस मावतात, त्यामुळे टीएलबीमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या पत्ते लक्षात ठेवणाऱ्या छोट्या साठ्यात, पत्ता न सापडण्याचे प्रसंग कमी झाले आणि त्या वेगाचे श्रेय आयतेच नव्या पद्धतीच्या पदरात पडले.

मग आम्ही जुना कर्नल बाजूलाच ठेवला. मल्टी-जेन एलआरयू चालू यंत्रावरही एका फाइलमध्ये लिहून चालू-बंद करता येते, तेव्हा ६.१ वरच दोन्ही पद्धती आलटून पालटून चालवल्या आणि हुज पेजेस पूर्ण बंद ठेवली. वेगातली वाढ जवळजवळ विरघळली. मात्र केस्वॉपडी (पार्श्वभूमीत मेमरी मोकळी करणारा कर्नलचा भाग) खात असलेला सीपीयूचा वेळ स्पष्टपणे घटला आणि सर्वांत संथ विनंत्यांचा उशीरही कमी झाला. जुनी पद्धत प्रत्येक पेजपासून उलट शोध घेत ते कोणाच्या पेज टेबलात (प्रोग्रामच्या पत्त्यांची मेमरीतली जागा सांगणाऱ्या तक्त्यात) आहे हे पाहते. नवी पद्धत बरेचसे काम पेज टेबले सलग वाचून उरकते, त्यामुळे हा फायदा अपेक्षितच होता. माझ्या मते सरासरी वेगापेक्षा तोच अधिक मोलाचा आहे, जरी बैठकीत त्याला तेवढ्या टाळ्या पडत नाहीत.

सुधारित अहवालात वेगाचा आकडा तळटीपेत गेला आणि केस्वॉपडीचा आलेख पहिल्या पानावर आला. २ एमबीच्या रकान्यात दोन फेऱ्यांमध्ये मोठी तफावत दिसली तर स्क्रिप्ट आता तुलना करण्याचेच नाकारते.