मांडवीवर दोन रात्री: पोकरचे पैसे कसे न्यावेत

कोकणकन्येनं सकाळी करमळीला उतरलो, तिथून रिक्षानं पणजी. सोबत मेहुणा. माणशी ३०,००० रुपये, दोन रात्री, त्यापलीकडे एक पैसा नाही, हे गाडीतच ठरलं होतं. त्यानं आपले पैसे घरूनच दोन पाकिटांत आणले होते, वर पेनानं ‘शुक्र’ आणि ‘शनि’. मी हसलो होतो. यूपीआयच्या जमान्यात पाकिटं कसली!

रात्री काठावरून नेणाऱ्या फीडर बोटीनं नदीतल्या तरंगत्या कॅसिनोवर गेलो, तर काउंटरवर माझं पेमेंट जाईना. आदल्याच दिवशी मी फोन बदलला होता, आणि नव्या फोनवर यूपीआय सुरू केलं की पहिले २४ तास ५,००० च्या वर रक्कम जात नाही. कार्ड काढलं, तेही दुसऱ्या प्रयत्नाला बँकेनं बंद केलं. “दाजी, माझ्यातले घ्या ना,” मेहुणा म्हणाला. घेतले नाहीत. नात्यात असली उधारी नकोच. मुकाट्यानं बोटीत बसलो आणि काठावरच्या एटीएमकडे निघालो. जवळ दुसरं कार्ड होतं म्हणून वाचलो. येताना वीस हजार काढायचे ठरवले होते, पण नदीवरचा वारा लागल्यावर दहाच काढले.

आता जाणाऱ्यांसाठी. मूळ ओळखपत्र न्या, २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. दोन बँकांची कार्डं ठेवा, त्यांच्या दिवसाच्या मर्यादा आधीच तपासा. पण खेळायची रक्कम शक्यतो नोटांतच न्या.

सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे जीएसटी. १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स (पैशांच्या बदल्यात मिळणाऱ्या खेळायच्या चकत्या) घेताना दिलेल्या पूर्ण रकमेवर तो २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. चिप्स परत केल्या तरी तो सुटत नाही. जिंकलेल्या चिप्स पुन्हा लावल्या तर मात्र नव्यानं लागत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी सरळ विचारा, “दहा हजार दिले तर हातात चिप्स किती?” आणि एकदम जास्त घेऊ नका. लागेल तसं रीबाय करा, म्हणजे पुन्हा थोड्या चिप्स घ्या, उरलेल्या चिप्स परत करण्यात कर फुकट जातो.

आमचं टेबल ५०-१०० चं, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी सक्तीनं लावायच्या रकमा ५० आणि १०० रुपये. मोठी ती बिग ब्लाइंड, तसे शंभर धरले तर दहा हजार. डाव चालू असताना चिप्स वाढवता येत नाहीत आणि जिंकलेल्या मधेच खिशात घालता येत नाहीत, उठायचं तर सगळ्या घेऊन उठायचं. नवखे इथंच फसतात. अठरा हजार झाले की आठ बाजूला काढू म्हणतात, तसं चालत नाही. रेक (डावातून कॅसिनो कापतो तो वाटा) किती आणि कॅप (त्याची कमाल मर्यादा) किती हेही बसण्याआधीच डीलरला विचारा. तिकिटाबरोबर मिळालेल्या चिप्स आम्हाला पोकरला चालल्या नाहीत, त्या रूलेटवर पाच मिनिटांत संपल्या.

जिंकलात तर पावती जपून ठेवा. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, वर सेस, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत.

शनिवारी मेहुण्यानं ‘शनि’ पाकीट अर्धंच उघडलं आणि साडेबाराला उठला. मी अडीचपर्यंत बसलो. उणे ६,२०० वर उठलो. रविवारी पोहे खाताना त्यानं उरलेल्या नोटा माझ्यासमोर मोजल्या, मुद्दाम दोनदा.