एसईसी खरंच भारी, की नुसतं नाव?

गणपतीचा कार्यक्रम असो की कुणाच्या घरचं हळदीकुंकू, मी ओहायोतल्या कोलंबसची आणि मधली सहा वर्षं अलाबामात बर्मिंगहॅमला काढलेली, हे एकदा समोरच्याला कळलं की प्रश्न येतोच. शिकायला नव्याने आलेली मुलं तर पहिल्या भेटीतच विचारतात, "ताई, तुम्ही दोन्हीकडे राहिलात. खरं सांगा, कॉलेज फुटबॉलमध्ये एसईसी खरंच सगळ्यात भारी आहे, की नुसती हवा?" हातात प्रसादाची वाटी घेऊन उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहिते.

ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजांचे वरच्या श्रेणीतले १३० हून जास्त संघ आहेत आणि ते कॉन्फरन्स नावाच्या गटांत वाटलेले आहेत. दक्षिणेतला बडा गट साउथईस्टर्न कॉन्फरन्स, म्हणजे एसईसी. स्थापना १९३२ ची, कचेरी बर्मिंगहॅमलाच. अलाबामा, जॉर्जिया, फ्लोरिडा, एलएसयू (लुइझियाना स्टेट), ऑबर्न हे सगळे त्यातले. उत्तरेकडचा बडा गट बिग टेन, १८९६ पासूनचा. नावात दहा असले तरी आज त्यात अठरा संघ आहेत. ओहायो स्टेट आणि मिशिगन हे त्यातले मानकरी. नेहमीच्या हंगामात प्रत्येक संघाचे सामने बारा, आणि त्यातले आठ-नऊ आपल्याच गटात. दक्षिणेतला तगडा संघ उत्तरेतल्या तगड्या संघाला वर्षाकाठी क्वचितच भिडतो. मग कोण भारी हे ठरतं बरंचसं नावावर. सगळ्या भांडणाचं मूळ इथे आहे.

मी ऑगस्ट २००६ मध्ये ओहायो स्टेटला एमएससाठी आले. १८ नोव्हेंबरला पहिल्या क्रमांकावरच्या ओहायो स्टेटने दुसऱ्या क्रमांकावरच्या मिशिगनला ४२-३९ असं हरवलं आणि अख्खं कोलंबस रस्त्यावर आलं. पुढचे दोन आठवडे गावात एकच चर्चा. अंतिम सामन्यात आता समोर कोण? गावातल्या कित्येकांचं म्हणणं होतं की मिशिगनलाच परत बोलवा, देशातले सर्वोत्तम दोन्ही संघ आपल्याच गटात आहेत, ते फ्लोरिडा कशाला? चार महिन्यांच्या पुंजीवर मीही तेच छातीठोकपणे सांगत होते. पण अंतिम सामन्याचे संघ ठरवणाऱ्या क्रमवारीतली मतं थोडक्यात फ्लोरिडाकडे झुकली.

८ जानेवारी २००७. सामना अॅरिझोनात ग्लेंडेलला. आम्ही आठजण भाड्याच्या घरात, मधोमध कांदेपोह्यांचं पातेलं. पहिलीच किक आमच्या टेड गिनने झेलली आणि ९३ यार्ड पळत जाऊन टचडाउन केला. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू तक्रार करायला वर आला आणि सामना बघत तिथेच बसला. त्या जल्लोषातच गिनचा पाय दुखावला आणि लवकरच त्याला सामना सोडावा लागला. पुढचं अजून डोळ्यांसमोर आहे. फ्लोरिडाच्या बचावफळीच्या दोन टोकांना जार्विस मॉस आणि डेरिक हार्वी. चेंडू हलला रे हलला की ते बाहेरून वळसा घालून आत घुसायचे. त्यांना अडवायला उभे असलेले आमचे गडी धिप्पाड, पण ते हात पुढे करेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. महिन्याभरापूर्वी हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार मिळवलेला आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, ट्रॉय स्मिथ. त्याचे १४ पैकी ४ पास लागले, ३५ यार्डांचे. अख्ख्या ओहायो स्टेटच्या आक्रमणाला सामनाभरात मिळून ८२ यार्ड. ४१-१४ हरलो. पोहे तसेच पातेल्यात गार झाले.

त्या रात्री मानाचं पान उत्तरेकडून दक्षिणेकडे गेलं. पुढच्या वर्षी एलएसयूने अंतिम सामन्यात ओहायो स्टेटलाच पुन्हा हरवलं, ३८-२४. २००६ ते २०१२ या सातही हंगामांची विजेतेपदं एसईसीकडे गेली. आणखी पुढे जाऊन २०२२ पर्यंत मोजलं तर १७ पैकी १३. म्हणून कुणी "नुसती हवा" म्हणालं की मला ते पटत नाही. एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलच्या, निवडीतही २००७ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी सर्वाधिक खेळाडू एसईसीचेच गेले. ती हवा असती तर एवढी वर्षं टिकली नसती.

पण त्या तेरा विजेतेपदांची वाटणी बघा. अलाबामा सहा, ती सगळी निक सेबन या एका कोचच्या हाताखाली. फ्लोरिडा दोन, एलएसयू दोन, जॉर्जिया दोन, ऑबर्न एक. झालं. पाच घरांनी कमावलं आणि नाव सगळ्या वाड्याचं झालं. व्हँडरबिल्ट, केंटकी, मिसिसिपी स्टेट यांच्या वाट्याला त्यातलं एकही आलेलं नाही. तरी त्यांच्याविरुद्धचा सामनासुद्धा "एसईसीतला सामना" म्हणून वजनदार धरला जातो.

हे सगळ्या वाड्याचं नाव कसं होतं, ते मला बर्मिंगहॅमला गेल्यावर उमगलं. २०१० मध्ये नवऱ्याच्या नोकरीसाठी आम्ही तिकडे गेलो. तिथे अलाबामा आणि ऑबर्न यांचे लोक एकाच घरात असतात आणि नोव्हेंबरच्या शेवटी, त्या दोघांच्या सामन्याच्या आठवड्यात, एकमेकांशी धड बोलत नाहीत. आणि तेच लोक जानेवारीत उत्तरेचा संघ समोर आला की एका सुरात "एस-ई-सी, एस-ई-सी" ओरडतात. कोलंबसला मी कधी कुणाला मिशिगनच्या विजयासाठी "बिग टेन" ओरडताना ऐकलेलं नाही. दक्षिणेत फुटबॉल हा साऱ्या मुलखाच्या मानाचा प्रश्न आहे. १ जानेवारी १९२६ ला रोझ बोल या मानाच्या सामन्यात अलाबामाने वॉशिंग्टनला २०-१९ हरवलं, ती गोष्ट तिथे अजून सांगतात. उत्तरेपुढे आपण कुठेतरी वरचढ आहोत, हे तिथल्या लोकांना तेव्हा वाटलं.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहायचे, कृष्णवर्णीय, सत्तरीच्या घरातले. मी त्यांना काका म्हणायचे आणि त्यांनाही ते आवडायचं. या अभिमानाची दुसरी बाजू त्यांनी मला सांगितली. दशकानुदशकं दक्षिणेतली ही कॉलेजं कृष्णवर्णीय मुलांना संघात घेत नव्हती. एसईसीत फुटबॉल खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे केंटकीचा नेट नॉर्थिंग्टन, तो १९६७ मध्ये उतरला. तोपर्यंत टेक्सास, कॅरोलायनातली गुणी मुलं घरदार सोडून उत्तरेला जात होती. १९६५-६६ चा मिशिगन स्टेटचा गाजलेला संघ आठवा. बब्बा स्मिथ टेक्ससचा, जॉर्ज वेब्स्टर साउथ कॅरोलायनाचा. "आमची पोरं तिकडे थंडीत कुडकुडली, आणि नाव झालं बिग टेनचं," काका म्हणायचे. पुढे १२ सप्टेंबर १९७० ला बर्मिंगहॅमच्याच लीजन फील्डवर यूएससीचा, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, संघ आला. त्यांचा कृष्णवर्णीय खेळाडू सॅम कनिंगहॅम १३५ यार्ड धावला आणि अलाबामा ४२-२१ हरलं. त्यानंतर दारं भराभर उघडली. एका गटाचं नाव कशावर उभं राहतं आणि कशाने ढासळतं, याचा विचार करताना मला दर वेळी काकांचं ते वाक्य आठवतं. मुलं तीच होती, कोणाच्या दारात त्यांना प्रवेश मिळाला एवढाच फरक.

काकांच्याच अंगणात आम्ही ५ नोव्हेंबर २०११ चा सामना पाहिला. पहिल्या क्रमांकाचं एलएसयू, दुसऱ्या क्रमांकाचं अलाबामा, टस्कलूसाला. दोन्हीकडून एकही टचडाउन नाही. अलाबामाचे चार फील्ड गोल, म्हणजे लाथेने मारायचे गोल, हुकले आणि जादा वेळेत एलएसयू ९-६ जिंकलं. मला वाटलं, संपला यांचा हंगाम. कारण २००६ माझ्या लक्षात होतं. मिशिगनही पहिल्या क्रमांकाच्या संघाकडून तीनच गुणांनी हरलं होतं, तेही परक्या मैदानावर, आणि त्याला दुसरी संधी मिळाली नव्हती. इथे अलाबामा स्वतःच्या मैदानावर हरलेलं. त्याला मात्र मिळाली. बाहेर राहिलं ते ओक्लाहोमा स्टेट. तेही एकच सामना हरलेलं, आयोवा स्टेटकडून दुसऱ्या जादा डावात, त्यांच्याच कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाचे कोच विमान अपघातात गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

त्याच एलएसयूविरुद्धचा अंतिम सामना अलाबामाने २१-० असा एकतर्फी जिंकला. संघ सर्वोत्तम होता यात शंका नाही. पण २००६ आणि २०११ या दोन निकालांमधला फरक मैदानावर घडलेला नव्हता. मधल्या पाच वर्षांत एसईसीची पत वाढली होती आणि त्याच जोरावर दुसरी संधी उधार मिळाली. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर मुख्यतः हेच आहे. नाव खेळून कमावलेलं होतं, पण पुढे कोण खेळणार हेही ते नावच ठरवू लागलं.

ते कसं, तेही सांगते. क्रमवारी ऑगस्टमध्ये लागते, एकही चेंडू फेकला जाण्याआधी. समजा त्यात एकाच गटाचे सात-आठ संघ वर आहेत. ते आपसात खेळणार. आपसातल्या सामन्यात एक जिंकतो, एक हरतो, म्हणजे गटाची गोळाबेरीज कायम निम्मी-निम्मीच. पण जिंकणाऱ्याला "मोठ्या संघाला हरवलं" म्हणून बढती, आणि हरणाऱ्याला "मोठ्या संघाकडून हरला" म्हणून माफी. तोच पराभव लहान गटातल्या संघाचा असला की तो थेट खाली. आणि सुरुवातीचा अंदाजच चुकीचा असेल तर? २०२५ मध्ये एसईसीतलं टेक्सस पहिल्या क्रमांकावर सुरुवात करून होतं. ३० ऑगस्टला कोलंबसला ते १४-७ हरलं आणि डिसेंबरमध्ये बारा संघांच्या प्लेऑफमध्येही, म्हणजे विजेतेपदाच्या बाद फेरीतही, पोचलं नाही.

२०२३ चा फ्लोरिडा स्टेटचा निर्णय मला आजही सलतो. तेरापैकी तेरा सामने जिंकलेले, आपल्या गटाचे विजेते. क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला होता म्हणून संघ निवडणाऱ्या समितीने त्यांना प्लेऑफच्या तेव्हाच्या चार संघांतून वगळलं आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं. नंतर ऑरेंज बोलमध्ये ते जॉर्जियाकडून ६३-३ हरले, तर लोक म्हणाले, बघा, समितीचं बरोबर होतं. अहो, त्या सामन्यात त्यांचे कितीतरी प्रमुख खेळाडू उतरलेच नव्हते. ज्या मुलांनी तेरा सामने जिंकून दिले त्यांना प्लेऑफमध्ये खेळूच दिलं नाही, आणि मग मन मोडलेल्या उरलेल्या संघाच्या हरण्याचा पुरावा दाखवायचा, हे मला मान्य नाही.

२०२४ पासून प्लेऑफमध्ये बारा संघ झाले आणि वादांपेक्षा मैदान जास्त बोलू लागलं. २१ डिसेंबर २०२४ च्या रात्री मी ओहायो स्टेडियममध्ये होते. पाणी गोठावं अशी थंडी, मोज्यांत गरम पुड्या, आणि निम्मं स्टेडियम वाटावं इतकी एसईसीतल्या टेनेसीची नारिंगी माणसं. पहिल्या पंधरा मिनिटांत २१-०. शेवटी ४२-१७. शेजारची टेनेसीची बाई सामना संपायच्या बऱ्याच आधी उठली. जाताना तिने तिच्या न वापरलेल्या गरम पुड्या माझ्या हातात ठेवल्या. "मला आता लागणार नाहीत," म्हणाली.

त्या हंगामात इंडियानाही प्लेऑफमध्ये होतं आणि पहिल्याच फेरीत हरलं. २०२३ मध्ये नऊ सामने हरलेला, १९६७ नंतर बिग टेनचं विजेतेपद न पाहिलेला संघ. सोपे सामने मिळाले म्हणून आले, असं त्यांना किती ऐकवलं गेलं. पुढच्या वर्षी कोच कर्ट सिग्नेटीच्या त्याच संघाने १ जानेवारी २०२६ ला रोझ बोलमध्ये अलाबामाला ३८-३ हरवलं आणि सोळापैकी सोळा सामने जिंकून विजेतेपद नेलं. तेच अलाबामा, ज्याला तीन पराभव पदरात असूनही आत घेतलं होतं. सामना संपला तसा बर्मिंगहॅमहून काकांचा फोन आला. आता ते ऐंशी पार आहेत. म्हणाले, "तुझ्या उत्तरेच्या मुलांनी आज आमच्यासारखा फुटबॉल खेळला."

आता कोलंबसला नवीन सूर ऐकू येतो. मिशिगन, ओहायो स्टेट, इंडियाना, तीन वर्षं ओळीने विजेतेपद बिग टेनचं, म्हणजे आता बिग टेनच भारी. परवा आमच्याकडे जेवायला आलेला एक मुलगा हेच सांगत होता. त्याच्या बोलण्यात मला २००६ ची मी ऐकू आले. मी त्याला विचारलं, यात रटगर्सचं काय, परड्यूचं काय? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण ताई, मग कळणार कसं?" येत्या सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेट परतीच्या सामन्याला टेक्ससकडे जाणार आहे. ऑस्टिनची दोन तिकिटं काढून ठेवली आहेत. एक त्याचं आहे.