“मॅडम, छाती हलत नाहीये”

जुलैतली रात्र. सायन-कुर्ल्याकडे रुळांवर पाणी, त्यामुळे रात्रपाळीची दुसरी सिस्टर पोहोचलीच नव्हती. डॉक्टर वरच्या मजल्यावर सिझेरियनमध्ये. खाली लेबर रूममध्ये मी, जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या, तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी आणि आमच्या आयाबाई.

पहाटे बाळ झालं, पण रडलं नाही. पुसलं, पाठ चोळली, अंग लुळंच. इकडे आईला फाटलेल्या जागेतून रक्ताची धार लागलेली. मी नाळ कापून बाळ त्या विद्यार्थिनी मुलीच्या हाती दिलं आणि पॅड दाबून धरला. हात सोडणं शक्यच नव्हतं.

तिने वॉर्मरवर, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या टेबलावर, बाळाच्या खांद्याखाली कापडाची घडी सरकवली, मास्क लावला, हाताने दाबून श्वास द्यायची बॅग दाबायला घेतली. “श्वास-दोन-तीन, श्वास-दोन-तीन.” आणि मग मोठ्याने, “मॅडम, छाती हलत नाहीये.”

मी तोंड उघडायच्या आत तिने बाळाचं डोकं नीट केलं आणि मास्क पुन्हा बसवला. हनुवटी, तोंड, नाक झाकलेलं, डोळे मोकळे. “आता हलतेय.”

आम्ही शिकत होतो तेव्हा बॅग काचेच्या कपाटात असायची, कुलपात. वहीत तिची आकृती काढली की झालं. मी पहिल्यांदा बॅग दाबली ती थेट जिवंत बाळावर. मास्कच्या कडेने हवा निसटतेय हे मला कळतसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी माझ्या हातून बॅग घेतली म्हणून ते बाळ वाचलं. २००९ साली नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणात मी बाहुलीवर नीट शिकले, तेव्हा नोकरीत कितीतरी वर्षं गेली होती. म्हणून आता दर बुधवारी पाळी बदलताना दहा मिनिटं आमच्याकडे बाहुली बाहेर निघते. जे करतोय ते मोठ्याने बोलायचं, हा नियम. श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत बॅग मिळाली पाहिजे, म्हणून घड्याळाचं काम आयाबाईंकडे. त्यांना कशाला, असं काहींनी विचारलं होतं.

त्या रात्री आयाबाई भिंतीवरच्या घड्याळावरून नजर न काढता सांगत होत्या, “एक मिनिट झालं... दीड...” दोन मिनिटं होऊन गेली आणि बाळाने उचकीसारखा श्वास घेतला. मग दुसरा. मग टाहो. बाकावर अर्धवट उठत आई विचारत होती, “माझंच ना? माझंच रडतंय ना?”

रक्त थांबलं, डॉक्टर आले, टाके झाले. रजिस्टर लिहायला मुलगी टेबलापाशी बसली. आयाबाईंनी वेळ सांगितली, पण आता तिचा हात इतका थरथरायला लागला की आकडे शेवटी मीच लिहिले.