खुमजुंगच्या गोंपातील कपाट

नेपाळात लुकला ते नामचे या चालीचे दोन दिवस पावसात आणि धापा टाकण्यात गेले, त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. लिहायचे आहे ते खुमजुंगविषयी. एव्हरेस्टच्या तळाकडे निघालेल्या आमच्या गटाला सहल आखणाऱ्यांनी या गावातील गोंपासाठी, म्हणजे बौद्ध मठासाठी, जेमतेम अर्धा तास दिला होता आणि त्या अर्ध्या तासात जे घडले ते अजून मनातून जात नाही.

खुमजुंग ३,७९० मीटर उंचीवर आहे. बटाट्याची शेते, हिरव्या पत्र्यांची घरे आणि त्यांच्या डोक्यावर खुम्बीला हा डोंगर. तो देवाचा म्हणून त्यावर कोणी चढत नाही. किल्ली सांभाळणाऱ्या वृद्ध शेर्पा गृहस्थांनी गोंपातील कपाटाचे कुलूप काढले, आधी स्वतः हात जोडले आणि मग बाजूला सरकले. काचेमागे यतीची, म्हणजे हिममानवाची, म्हणून जपलेली टाळू (डोक्यावरचे केसाळ कातडे) होती: शंकूसारखी उंच, तांबूस-तपकिरी राठ केसांची, मधोमध केसांचा उभा पट्टा असलेली. कडेचे कातडे वर्षानुवर्षांच्या हाताळणीने काळवंडले होते.

आमच्यातील एक जण मोठ्याने म्हणाला, “हे तर बोकडाचं कातडं आहे, कधीच सिद्ध झालंय.” मराठीत बोलून त्याचे समाधान झाले नाही, म्हणून त्याने तेच आजोबांना हिंदीत समजावून सांगितले. बाकीचे हसले. आजोबांनी सगळे ऐकून घेतले, कपाट लावले आणि कुलूप दोनदा ओढून पाहिले. मी हसलो नाही, पण त्याला थांबवलेही नाही.

तो म्हणाला त्यात खोटे काही नव्हते. १९६० मध्ये एडमंड हिलरी यांच्या मोहिमेने ही टाळू तपासणीसाठी मागितली, तेव्हा ती परत आणण्याच्या अटीवर आणि गावचा माणूस सोबत पाठवून खुमजुंगने ती दिली. खुंजो चुंबी हे गावचे प्रमुख गृहस्थ तिला घेऊन शिकागो, पॅरिस आणि लंडनला गेले. हिमालयात थार नावाचा बोकडासारखा रानटी प्राणी आहे, त्याच्या कातड्याला आकार देऊन ती बनवली असल्याचा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. त्यावर चुंबी म्हणाले होते असे सांगतात की, नेपाळात जिराफ आणि कांगारू नाहीत म्हणून आम्हाला त्यांची माहिती नाही, तसेच तुमच्याकडे यती नाहीत, त्यामुळे तुमचे अज्ञान मी समजू शकतो. परक्या देशात, तज्ज्ञांसमोर आपल्या गावाची बाजू इतक्या सभ्यपणे मांडणाऱ्या माणसाविषयी मला नितांत आदर वाटतो. त्याच गावात आम्ही मात्र पाहुणे म्हणून येऊन ती सभ्यता दाखवू शकलो नाही.

संध्याकाळी लॉजमध्ये याकच्या गोवऱ्यांच्या शेगडीभोवती सगळे बसले होते. मी लॉज चालवणाऱ्या आमांजवळ (आमा म्हणजे आई) जाऊन सकाळच्या प्रकाराबद्दल माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने आपणहून सांगू लागल्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ‘ते’, म्हणजे यती, एकाच प्रकारची नसते: गुरे मारते ती झुते आणि माणसासारखी असते ती मिते. १९७४ मध्ये माच्छेर्मोच्या कुरणात याक राखणाऱ्या एका मुलीवर अशाच प्राण्याने हल्ला केला आणि याकही मारले, ती हकिकत त्यांनी सावकाश सांगितली. अशी यती कधी समोर आलीच तर उताराकडे पळायचे, म्हणजे तिचे केस तिच्याच डोळ्यांवर येतात, हेही सांगितले.

२०१७ मध्ये यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने जनुकीय तपासणीत पाहिले गेले. त्यांपैकी आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा निघाला. मला तो निष्कर्ष पूर्ण मान्य आहे. पण झुते म्हणजे मोठे अस्वलच असावे, हे शेर्पांच्या वर्णनातूनही दिसतेच. डोंगरात जन्म काढलेल्या माणसांना प्राणी ओळखता येत नाहीत, असे आपण किती सहज धरून चालतो!

“तुमच्या मुलखात असं कोणी नाही?” आमांनी विचारले.

मी वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाविषयी सांगितले. माणसापेक्षा उंच मूर्ती, नवसाला केळीचे घड आणि चामड्याच्या चपला. देव रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून वाहिलेल्या चपलांचे तळ झिजतात. आमांनी चपला केवढ्या असतात ते विचारले आणि मी दोन्ही हात फाकवून दाखवले. त्यांनी त्या अंतराकडे नीट पाहिले. आजूबाजूला कोणी हसले नाही, कारण आमचे लोक तोवर झोपायला गेले होते.

“आणि झिजतात?”

“झिजतात.”

आमांनी मान डोलावली, शेगडीत आणखी एक गोवरी सारली आणि माझ्या पेल्यात चहा ओतला.